पहिल्या खड्ड्याचं झाकण

"आज अमावस्या आहे, मॅडम," मी म्हणालो. "अमावस्येला झाकण काढत नाहीत."

तालुक्याहून आलेल्या वाघमोडे मॅडमनी हातातली वही मिटली. "कशाचं झाकण?"

"खड्ड्याचं."

"संडासाच्या खड्ड्याला अमावस्या-पौर्णिमा कधीपासून लागली, सिद्राम मिस्त्री?"

जमलेले लोक खो खो हसले. मीही हसलो. हसताना माझी नजर त्या झाकणावरनं हलत नव्हती, हे सोन्याची बटणं लावलेल्या पैरणीतल्या बाजीराव आबांना दिसलं नसेल, पण तानूआजीला दिसलं असणार. म्हातारी आपल्या दारातल्या दगडावर बसून मिश्री लावत होती आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"माझ्या घरचा खड्डा हाय," ती म्हणाली. "मी म्हंते आत्ता काढा. आण रं सिद्राम, पहार आण तुझी."

म्हातारे, तुला आजच घाई कसली सुचली, असं मनात म्हणत मी पहार आणायला घरी निघालो. घर दोन मिनिटांवर. मी मुद्दाम दहा मिनिटं लावली.

तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो. बोरजाईवाडीत गवंडीकाम करत होतो, आणि गावातले बासष्ट संडास मी एकट्याने बांधले होते. दोन खड्ड्यांचे. आता सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा नवलच होतं. संडासामागे चार-चार फुटांचे दोन खड्डे. एक चालू, एक बंद. चालू खड्डा भरला की मधल्या चेंबरमधला दगड फिरवायचा आणि दुसरा चालू करायचा. पहिला दीड वर्ष तसाच झाकून ठेवायचा. आतल्या मैल्याची माती होते, ती शेतात टाकायची आणि खड्डा पुन्हा वापरायला मोकळा. वास नाही, किडा नाही, कुणाला उपसायला बोलवायला नको. हे सगळं मी तालुक्याला आठ दिवसांच्या प्रशिक्षणात शिकलो होतो आणि गावात घरोघर छाती ठोकून सांगितलं होतं.

माती होण्यासाठी एकच गोष्ट लागते. खड्ड्याच्या भिंतीला भोकं ठेवायची आणि तळ कच्चा सोडायचा. पाणी मुरमात जिरतं, उरलेलं वाळतं, त्याची माती होते. मॅडमनी हे फळ्यावर चित्र काढून तीनदा सांगितलं होतं.

आणि मी गावातला पहिला संडास बांधला, तानूआजीचा, तेव्हा दोन्ही खड्डे आतून गिलावा करून गुळगुळीत केले होते. तळासकट!

का केले म्हणाल तर माज. दुसरं काय? माझा बाप गवंडी, आजा गवंडी. बापानं लहानपणी मला ओळंबा धरायला शिकवताना एकच सांगितलं होतं, की आपल्या भिंतीतनं मुंगी आत शिरली तर थापी विहिरीत टाकून दे. आणि ही तालुक्याची बाई मला सांगणार की भिंतीला भोकं ठेव? मला वाटलं, सरकारला सिमेंट वाचवायचं असेल. गावातलं पहिलं काम, चार लोक बघायला येणार, त्यांना काय भोकं दाखवू? दोन दिवस बसून घोटाई केली. आत तोंड दिसावं असा गिलावा. तानूआजीला बजावून सांगितलं, "आज्जे, गिलावा पक्का व्हायला सात दिवस पाणी मार, मग मी झाकण बसवतो. घागर घेऊन आत उतर आणि भिंतींवर चांगलं मार." म्हातारी मान हलवून हो म्हणाली होती. आठव्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या कामात मी अडकलो होतो, म्हणून हाताखालच्या दोन माणसांना पाठवून झाकणं बसवून घेतली.

त्यानंतर पाचव्या महिन्यात मला पुन्हा प्रशिक्षणाला बोलावलं. तिथं एक गिलावा केलेला खड्डा उघडून दाखवला. कुठल्यातरी हुशार गवंड्यानं केलेला. काय सांगू तुम्हाला! नाकाला रुमाल लावून मागे सरलो तरी दोन दिवस जेवण गेलं नाही. सगळा काळा रबरबाट, वर्षभर झाकलेला होता तरी जसाच्या तसा. परत येताना एसटीत मी मान वर केली नाही.

तोवर गावात एकोणीस संडास झाले होते. बाकीचे सगळे मी नीट बांधले होते, भोकं ठेवून, कारण दुसऱ्या घरापासून मॅडम स्वतः येऊन बघायच्या. चुकलेलं एकच घर. मी काय करायला पाहिजे होतं? सरळ तानूआजीकडे जाऊन सांगायचं, आज्जे, माझं चुकलं, खड्डे फोडून देतो. एवढंच तर होतं. पण तोंड उघडेना. आज सांगू, उद्या सांगू. त्यात त्या घरचा खड्डा तुंबल्याची तक्रारच येईना. महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष गेलं. मी जाता-येता विचारायचो, "आज्जे, संडास बरा चाललाय ना?" ती म्हणायची, "झ्याक चाललाय की." मी मनाशी ठरवलं, हे लोक वापरतच नाहीत. आत गोवऱ्या रचल्या असतील आणि मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतायत. चार वर्षांनी तिनं निरोप पाठवला, की पहिला भरला, दगड फिरवून दुसरा चालू केलाय. तेव्हा मला कळलं की वापरत होते, थोडंफार का होईना. मग आत काय साचलं असेल?

आता त्याला दीड वर्ष झालं होतं.

हे सगळं त्याच आठवड्यात का निघालं, तर गावात बाकीचे खड्डे भरायला लागले होते. बाजीराव आबांचा भरला. आबा म्हणजे गावातलं वजनदार माणूस, त्यांनी पारावर बसून विचारलं, "भरला. आता ह्यो उपसायचा कुणी? माती हुती म्हणं! कुणी बघितलीय?" कुणीच बघितली नव्हती. झालं. आठ दिवसांत अकरा घरांनी संडासाला कड्या घातल्या आणि तांबे घेऊन ओढ्याची वाट धरली. मृगाला पंधरा दिवस उरले होते. आमच्या ओढ्याला पूर आला की तो सगळी घाण घेऊन पिण्याच्या विहिरीच्या कठड्याला लागतो. संडास व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात असाच लागला होता. शाळेच्या व्हरांड्यात तेवीस माणसं सलाइन लावून आडवी होती आणि तिसऱ्या सतरंजीवर माझी पाच वर्षांची रत्ना. तिचे डोळे खोल गेले होते आणि ती पाणी मागत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, रात्र काढली तर वाचली. तिनं काढली. ती आता अकरा वर्षांची होती आणि त्या दिवशी गर्दीत उभी होती, बापाचं कौतुक बघायला.

म्हणून सांगतो, माझी लाज जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्या खड्ड्यातनं रबरबाट निघाला असता, तर गाव त्याच दिवशी ओढ्यावर गेलं असतं आणि पुन्हा कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं.

मी पहार घेऊन आलो. पन्नास-साठ माणसं जमली होती.

"मॅडम," मी शेवटचा प्रयत्न केला, "दुसऱ्या कुणाचा तरी खड्डा..."

"दुसऱ्या कुणाचा दीड वर्ष झाकलेला नाही. हा एकच आहे. तुम्हीच तर बांधलाय पहिला!" त्या हसून म्हणाल्या. त्यांचा माझ्यावर फार विश्वास होता. तोच मला नडत होता.

आबा पुढे आले. "एक सांगून ठेवतो, मॅडम. आत घाण निघाली, तर ती काढायला आमच्यात कुणी हात लावणार न्हाई. आन् आता सांगावं कुणाला?"

"कुणालाच सांगायचं नाही, आबा. ते दिवस गेले आणि बरं झालं गेले. कुणाला ते काम करायला लागू नये म्हणूनच दोन खड्डे केलेत."

"मग सिद्रामनं हातानं काढून दाखवावी. उघड्या हातानं. माती हाय म्हणतोय न्हवं?"

"काढेल की," तानूआजी दगडावरनं म्हणाली. "का न्हाई काढणार?"

मला त्या म्हातारीचा असा राग आला! हिचं मी काय घोडं मारलं होतं? गावात संडास बांधत होतो तेव्हाही हिचा ताप होताच. ज्या घरी खड्डा खणून बांधून व्हायचा, तिथं ही काठी टेकत हजर. खड्ड्याच्या कडेला बसणार, आत वाकून बघणार, घरच्या सुनेकडून चहा उकळणार आणि जाणार. आम्ही हसायचो, म्हातारीला फुकटच्या चहाची चटक लागली म्हणून.

मी झाकणाच्या फटीत पहार घातली. आबांच्या मुलानं दुसऱ्या बाजूनं जोर लावला. झाकण करकरलं, उचललं गेलं आणि बाजूला धप्पकन पडलं. लोक चार पावलं मागे सरले. बायकांनी पदर नाकाला लावले. मी डोळे मिटून घेतले आणि श्वास रोखला.

किती वेळ रोखणार? शेवटी घेतला.

वास आला नाही.

मी पुन्हा घेतला, मोठा. ओल्या रानाचा येतो तसला थोडासा वास, बस्स. डोळे उघडले. खड्डा काठापासून हातभर खाली बसला होता आणि आत काळीभोर, भुसभुशीत, कोरडी माती होती. वरच्या थरात एक गांडूळ वळवळत होतं.

"जरा वेळ हवा जाऊ द्या," मॅडम म्हणाल्या. पण मला कुठला धीर! मी काठावर पालथा पडलो, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि ओंजळ भरून वर काढली. बोटांतनं माती भुरभुर गळत होती. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, ते मी पुसूही शकत नव्हतो, हात भरलेले.

"आबा, बघा," मी म्हणालो.

आबा आले. आधी लांबून बघितलं, मग वाकून. मग चिमूटभर उचलली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"आयला," ते म्हणाले. "ही तर माती हाय."

"मग काय सांगतोय पाच वर्षं!" मी ओरडलो.

एकच कालवा झाला. सगळे पुढे लोटले. जो तो चिमूट उचलून हुंगायला लागला. एका बाईनं पदर काढला, वास घेतला आणि शेजारणीच्या नाकाशी नेला. आबा म्हणाले, "तानूकाकू, दोन पाट्या मला दे, डाळिंबाला घालतो." म्हातारी म्हणाली, "फुकट मागू नकोस, मघाशी लई बोलत व्हतास." सगळे पुन्हा हसले आणि या वेळी मी खराच हसलो. छातीवरचं एवढं मोठं ओझं एकदम उतरल्यावर माणूस येड्यासारखं हसतं, तसं.

मॅडम म्हणाल्या, थोडी माती बाहेर काढा, लोकांना खालपर्यंत दाखवू. मी खड्ड्यात उतरलो आणि फावड्यानं पाट्या भरून वर द्यायला लागलो. आठ-दहा पाट्या गेल्या असतील. मग मी घाम पुसायला थांबलो आणि माझी नजर मातीखालनं उघड्या पडलेल्या भिंतीवर गेली.

माझाच गिलावा होता. माझीच घोटाई. आणि त्यात भोकं होती.

मुठीएवढी, ओबडधोबड, वीत-वीत अंतरावर, सगळ्या भिंतीला फिरून. विटेच्या आरपार. प्रत्येक भोकाच्या कडेला छिन्नीचे घाव. मी हातानं थोडी माती आणखी बाजूला केली, तर खाली आणखी एक ओळ. फावडं उभं खुपसून तळाला टेकवलं, तर ते मुरमात रुतलं. तळही फोडलेला होता.

हे माझं काम नव्हतं. मी इतकी वेडीवाकडी भोकं जन्मात पाडली नसती. झाकणं बसवणाऱ्या माझ्या माणसांना ती मीच ठेवलीत असं वाटलं असणार.

मॅडम काठावर वाकल्या. "हे बघा सगळ्यांनी! ही भोकं दिसतात? हेच मी प्रशिक्षणात शिकवलं होतं. सिद्राम मिस्त्रींनी ते ऐकलं, पहिल्याच कामात ऐकलं, म्हणून आज ही माती दिसतेय. मी तालुक्याला यांचं नाव सुचवणार आहे. दुसऱ्या गावांतल्या गवंड्यांना हेच शिकवतील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी रत्ना सगळ्यात जोरात वाजवत होती.

मी खड्ड्यातनं तानूआजीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मिश्रीचं बोट धुवायला तिनं तांब्या कलता केला होता आणि सगळं लक्ष त्या धारेकडे. माझ्या ध्यानात आलं. तिचा नवरा विहिरी खणायचा आणि ती त्याच्या बरोबरीनं सुरुंगाची भोकं पाडायला छिन्नी-हातोडी चालवायची. पाणी कुठल्या जमिनीत जिरतं आणि कुठल्या नाही, हे तिला कुणी फळ्यावर काढून दाखवायची गरज नव्हती.

गप्प बसलो असतो तरी कुणाला कळलं नसतं. ती बोलली नसती, पाच वर्षं बोलली नव्हती. टाळ्या मिळाल्या होत्या, नाव तालुक्याला जाणार होतं, आणि गावाचा विश्वास आत्ता कुठं बसला होता. खरं सांगून तो उडाला तर? पण खड्ड्यात उभं राहून, डोक्यावर पन्नास माणसं टाळ्या वाजवत असताना, मला ते गिळवेना. पाच वर्षं गिळत होतो, पोट भरलं होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "ही भोकं माझी नाहीत."

"म्हणजे?"

"मी गिलावा केला होता. आतनं पूर्ण. तळासकट. तुम्ही सांगूनसुद्धा. नंतर चूक कळली, पण सांगायची हिंमत झाली नाही. ही भोकं तानूआजीनं पाडलीत."

मॅडमचा चेहरा उतरला. आबांनी डाळिंबासाठी भरलेली पाटी खाली ठेवली.

"आन् माझ्या घरी?" आबांनी विचारलं. "माझ्याकडं बी गिलावाच केलायस का?"

"नाही आबा. रत्नाची शपथ. फक्त इथंच."

"कशावरनं खरं मानायचं? पाच वर्सं गप बसलास न्हवं तू?"

मी खाली मान घातली. तेवढ्यात काठी टेकल्याचा आवाज आला.

"माझ्यावरनं मान," तानूआजी काठावर येऊन म्हणाली. "बासष्टच्या बासष्ट घरचं खड्डं मी वाकून बघितल्यात. झाकण पडायच्या आदी. तुझा बी बघितलाय, आठ रांगा भोकं हायती, तळ कच्चा हाय. तुझ्या सुनंनं चा दिला व्हता, साखर कमी व्हती."

आबांची सूनच मागनं म्हणाली, "अगं बाई, म्हणून येत होता व्हय तुम्ही!" आणि आबा हसायला लागले. पोट धरून. "तरीच! आमाला वाटायचं म्हातारी चा प्यायला फिरतीय! मॅडम, मिस्त्रीचं नाव कशाला पाठवता, म्हातारीचं पाठवा!"

मॅडमही हसल्या, पण नंतर मला बाजूला घेऊन जे बोलायचं ते बोलल्या. ते इथं सांगत नाही. माझ्या लायकीचं होतं. शेवटी म्हणाल्या, "तालुक्याला येऊन हेच सांगायचं गवंड्यांना. स्वतःच्या तोंडानं." मी सांगितलं. अजूनही सांगतो.

संध्याकाळच्या आत आबांचं बोलावणं आलं, चेंबरमधला दगड फिरवून दुसरा खड्डा चालू करून द्यायला. त्यांच्या पाठोपाठ बाकीच्या दहा घरांचंही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम ओढ्याच्या वाटेवर जाऊन उभा राहिलो. एक कुत्रं सोडलं तर वाट मोकळी होती. तो पावसाळा आला, ओढ्याला पूर आला, पाणी विहिरीच्या कठड्याला लागलं आणि शाळेच्या व्हरांड्यात पोरं पावसात कागदाच्या होड्या सोडत बसली. सतरंज्या अंथराव्या लागल्या नाहीत.

झाकण काढलं त्या दिवशी, दगड फिरवायची कामं आटोपून मी तानूआजीकडे गेलो. ती अजून दारातल्या दगडावरच होती. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो.

"कधी फोडलंस, आज्जे?"

"तूच न्हाई का म्हणालास, सात दिस पाणी मार म्हणून? रोज घागर घिऊन उतरायची. घागरीत ह्यांची छिन्नी-हातोडी असायची. घरच्यास्नी वाटायचं, म्हातारी पाणी मारतीया. दोन खड्डं, सात दिस. हात सुजला व्हता."

"मला का नाही बोललीस?"

"तवा बोलले असते तर ऐकलं असतंस? बाईमाणसाचं? चिडून पुन्यांदा गिलावा केला असतास." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. खरखरीत, दगड फोडलेला हात. "म्हटलं, येईल कळल्यावर सांगायला. दर वेळी इचारायचास, आज्जे, बरं चाललंय का? मला वाटायचं, आता सांगतोय. आता सांगतोय. आन् निगून जायचास. लई वाट बघाय लावलीस रं."

तिनं डोक्यावरचा हात काढला आणि बराच वेळ आपलं मनगट चोळत बसली, जणू ते अजून दुखत होतं.

"गिलावा मातूर लई पक्का केला व्हतास," ती म्हणाली. "फुटता फुटंना."

माझ्या कामाचं एवढं कौतुक नंतर कुणी केलं नाही.